संत्र्याच्या बागेत सिरॅमिकचे डायव्ह वॉच: चार पाहिली, एक घेतले

माझ्या जुन्या स्टीलच्या डायव्ह वॉचची, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेल्या घड्याळाची, काच अकरा वर्षांनंतरही स्वच्छ आहे, पण काचेभोवतीच्या केसवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, इतके ओरखडे आहेत की मूळची झळाळी कोणती आणि घासलेला भाग कोणता, हे आता ओळखू येत नाही. त्यातला प्रत्येक ओरखडा मला ठाऊक आहे. डाव्या बाजूची लांब रेघ पंपघराच्या लोखंडी दाराची आहे, खालच्या कोपऱ्यातला खड्डा ट्रॅक्टरच्या हुकाचा आहे, आणि बाकीची बारीक जाळी वाळूची आहे. विहिरीचे बांधकाम चालू असताना मी दीड महिना वाळूत हात घालून काम केले आणि तेवढ्यात दहा वर्षांचे घासून झाले. नवे घड्याळ घ्यायचे ठरले तेव्हा ते सिरॅमिक केसचेच असावे, हा हट्ट तेथून आला. वर्धा नदीकाठच्या गावात राहणाऱ्या संत्रा बागायतदाराला एवढ्या महागड्या घड्याळाची गरज नाही, हे मला मान्य आहे. त्या वर्षी आंबिया बहाराला भाव चांगला मिळाला होता आणि वयाची पन्नाशी पूर्ण झाली होती, एवढेच त्याचे समर्थन.

सिरॅमिक म्हटले की आपल्याकडे कपबशीच डोळ्यांसमोर येते. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी बसणाऱ्या आमच्या घड्याळजींनी माझा विचार ऐकून पहिला प्रश्न हाच केला, "भाऊ, चिनी मातीचं घड्याळ? पडलं तं फुटन ना!" मला तेव्हा हसू आले होते. पुढे चार घड्याळे हाताळून आणि बरीच माहिती वाचून लक्षात आले की विकणाऱ्यांनी तासभर बोलून जे सांगितले नाही, ते घड्याळजींनी एका वाक्यात सांगितले होते.

घड्याळाचे सिरॅमिक चिनी मातीचे नसते. ते झिर्कोनियम ऑक्साईडचे असते. त्याची अतिशय बारीक भुकटी एका बंधक पदार्थात मिसळून दाबाखाली साच्यात भरतात, नंतर तो बंधक काढून टाकतात आणि उरलेला कच्चा तुकडा सुमारे १४५० अंश सेल्सियसला भट्टीत भाजतात. भाजताना तो जवळपास पाव भाग आकसतो. त्यामुळे साचा आधीच त्या हिशेबाने मोठा करावा लागतो, आणि तरीही चावीचे छिद्र व काचेची बैठक अचूक यावी लागते. पुढचे घासकाम हिऱ्याच्या अवजारांनीच होते, कारण दुसऱ्या कशाने ते सहजासहजी घासलेच जात नाही. कडकपणा मोजण्याच्या विकर्स मापावर घड्याळाचे नेहमीचे स्टील दीडशे-दोनशेच्या आसपास येते, तर हे सिरॅमिक बाराशेच्या आसपास. आपल्या वाळूत आणि धुळीत गारगोटीचे जे कण असतात ते स्टीलपेक्षा कडक असतात, म्हणून स्टील घासले जाते. सिरॅमिक त्या कणांहूनही कडक असते. शहरातल्या कार्यालयात बसणाऱ्याला हा फरक कळायला कदाचित वर्षे लागतील. मळणी यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्याला तो एका हंगामात कळतो.

आमच्याकडे आणखी दोन गुण उपयोगाला येतात, ज्यांची जाहिरात फारशी होत नाही. एक म्हणजे हे सिरॅमिक स्टीलपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने हलके असते आणि घामाने त्याच्यावर काही परिणाम होत नाही. ज्यांना स्टीलमधल्या निकेलमुळे मनगटावर पुरळ येते त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. दुसरे म्हणजे ते उष्णता हळू वाहून नेते. मे महिन्यात पारा ४६ च्या पुढे जातो तेव्हा उन्हात राहिलेल्या स्टीलच्या घड्याळाचा मनगटाला चटका बसतो. सिरॅमिकचा तितका बसत नाही. अर्थात काळा रंग ऊन ओढतोच, त्यामुळे बांधावर काढून ठेवलेले काळे घड्याळ तापणारच, आणि आतल्या तेलांसाठी व रबरी रिंगांसाठी ते चांगले नाही.

आता दोषाकडे वळतो. स्टीलला मार बसला की ते दबते. सिरॅमिक दबत नाही, ते एक तर जसेच्या तसे राहते किंवा त्याचा टवका उडतो. एका परिचिताच्या सिरॅमिक घड्याळाचा, कंपनीचे नाव लिहीत नाही, पट्टा जोडण्याचा एक कान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या कडेवर पडून तुटला. सेवा केंद्राने सांगितले की हा भाग भरताही येत नाही आणि घासून सारखाही करता येत नाही, सगळी केसच बदलावी लागेल. खर्चाचा आकडा ऐकून त्यांनी घड्याळ तसेच कपाटात ठेवून दिले. त्यामुळे सिरॅमिक घेताना 'हे किती घासेल' यापेक्षा 'हे कोठे पडेल' हा प्रश्न आधी विचारावा. आमच्या घरात सगळीकडे शहाबादी फरशी आहे, न्हाणीघरात कडप्पा आहे आणि विहिरीला सिमेंटचा कठडा आहे. मऊ जागा शोधायची तर वखरलेले वावर तेवढे सापडते.

खोलीच्या आकड्यांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण दुकानात सर्वांत जास्त वेळ त्यांच्यावरच जातो. आयएसओ ६४२५ या मानकानुसार ज्या घड्याळाला डायव्ह वॉच म्हणायचे ते किमान १०० मीटरचे असावे लागते, लिहिलेल्या आकड्याच्या सव्वापट दाबावर ते तपासले जाते, आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता यावी लागते. दर १० मीटर खोलीला साधारण एक बार, म्हणजे हवेच्या दाबाएवढा, दाब वाढतो. माझी विहीर पावसाळ्यानंतर तुडुंब भरली तरी तिच्यात १२ मीटर पाणी असते, आणि हौशी स्कूबा डायव्हिंगची नेहमीची मर्यादाही ४० मीटरच आहे. म्हणजे २०० की ३०० की ६०० हा वाद माझ्यासाठी, आणि बहुतेक सर्वांसाठी, निरर्थक आहे. पाणी आत जाते ते केसमधून नाही, तर चावी आणि मागच्या झाकणाच्या रबरी रिंगांमधून. त्या रिंगा उष्णतेने, साबणाने आणि फवारणीच्या औषधांनी कडक होत जातात. भोवतालचे कवच सिरॅमिकचे असो वा सोन्याचे, त्यांना काही फरक पडत नाही.

चार घड्याळे पाहिली. ब्लॅंकपेनचे फिफ्टी फॅदम्स बॅथिस्केफ सिरॅमिकमध्ये पाहिले ते कुतूहलापोटीच, हे आधीच सांगतो. डायव्ह वॉचच्या इतिहासात या नावाला मोठा मान आहे. पहिले फिफ्टी फॅदम्स १९५३ चे, फ्रेंच नौदलाच्या पाण्याखाली पोहणाऱ्या सैनिकांच्या पथकासाठी घडवलेले; ५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. आजच्या बॅथिस्केफची काळी-करडी केस हातात घेतल्यावर तिच्या कडांवरचे काम पाहत राहावेसे वाटते, आणि एकदा चावी भरली की ते पाच दिवस चालते. पण ते घालून मी संत्र्याच्या झाडाखाली वाकू शकलो नसतो. त्याची किंमत मनात ठेवून हात मोकळा राहिला नसता.

ओमेगाच्या सीमास्टर डायव्हर ३०० एमची 'ब्लॅक ब्लॅक' ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. तिची केस, तबकडी, बेझेल (काचेभोवतीचे फिरते कडे), काटे सगळे काळे आहे, आणि केस ४३.५ मिलिमीटरची आहे. दिसायला ती विलक्षण आहे. उन्हात वेळ मात्र दिसत नाही. विक्रेत्याने कौतुकाने ती माझ्या हातात दिली आणि मी दुकानाबाहेर उन्हात जाऊन पाहिली, तेव्हा मिनिटकाटा शोधावा लागला. ज्या घड्याळात वेळ शोधावी लागते ते पाण्याखालीही चालणार नाही आणि बागेतही नाही.

खरी निवड राडो आणि ट्यूडर या दोघांतच होती. राडो हे नाव विदर्भातल्या खेड्यांना नवीन नाही. जावयाला लग्नात राडो देण्याची हौस आमच्याकडे एके काळी जोरात होती आणि माझ्या काकांचे सोनेरी राडो आजही सणावारी निघते. ते घासत नाही म्हणून त्यालाही लोक सिरॅमिक समजतात, पण ते तसे नाही. १९६२ चे डायस्टार हे टंगस्टन कार्बाईडच्या कठीण धातूचे होते; सिरॅमिक राडोने १९८६ च्या इंटिग्रलमध्ये आणले. त्याच वर्षी आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीनेही दा विंची हे घड्याळ झिर्कोनियम ऑक्साईडच्या केसमध्ये काढले. म्हणजे या कामाचा अनुभव राडोइतका फार थोड्यांना आहे. त्यांचे कॅप्टन कुक हाय-टेक सिरॅमिक ४३ मिलिमीटरचे, ३०० मीटरचे आणि ८० तास चालणारे आहे. केस एकसंध आहे, म्हणजे आत धातूची वेगळी डबी नाही, आणि साखळीही सिरॅमिकची आहे. हातावर ती साखळी रेशमासारखी बसते. नागपुरात राडोचे विक्रेते आहेत, ही आमच्यासाठी लहान गोष्ट नाही. काहीही बिघडले तर निदान कोणाच्या तरी टेबलावर घड्याळ नेऊन ठेवता येते.

तरीही मी ते घेतले नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे त्याची तबकडी रंगीत सफायर काचेची असून तिच्यातून आतले यंत्र दिसते. लग्नाच्या मांडवात ते शोभून दिसेल, पण मला काटे आणि खुणा यांच्यामागे सपाट काळी पार्श्वभूमी हवी होती. दुसरे कारण साखळीचे. सिरॅमिकच्या साखळीत जितक्या कड्या तितके टवके उडण्याच्या जागा, आणि माझा हात दिवसभर लोखंडावर, पाइपांवर आणि क्रेटवर आदळत असतो. कार्यालयात किंवा शाळेत काम करणाऱ्याने मला विचारले तर मी त्याला राडोच घ्यायला सांगेन.

मी घेतले ते ट्यूडरचे ब्लॅक बे सिरॅमिक; हे २०२१ मध्ये आले. व्यास ४१ मिलिमीटर, जाडी १४ मिलिमीटरहून थोडी अधिक, खोली २०० मीटर, एकदा पूर्ण चावी भरली की ७० तास. केस चकचकीत नाही, तव्यासारखी मंद काळी आहे. तबकडीवर तारीखदेखील नाही. काट्यांवर आणि खुणांवर फिकट रंगाचा चमकणारा लेप आहे, आणि तो काळ्यावर स्पष्ट उठून दिसतो. मागचे झाकण व चावी स्टीलची असून त्यांच्यावर काळा थर आहे. म्हणजे घासले तर हेच भाग घासतील. या घड्याळाला स्वित्झर्लंडच्या मेटास या सरकारी मापन संस्थेचे प्रमाणपत्र आहे. त्यानुसार ते दिवसाला शून्य ते पाच सेकंदांच्या आत चालले पाहिजे आणि १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रातही बिघडता कामा नये. हे मला आधी शोभेचे वाटले होते. नंतर आठवले की माझे जुने घड्याळ ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याजवळ रात्रभर राहिल्याने दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागले होते, आणि घड्याळजींनी त्याचे चुंबकत्व काढून दिले होते. मोबाईलचे कव्हर, इंडक्शनची शेगडी, मोटर, स्टार्टर, ही सगळी मंडळी आता खेड्यातही आहेत.

खरेदीविषयी थोडक्यात. या चारपैकी सर्वांत स्वस्त घड्याळही दोन लाखांच्या वर जाते, त्यामुळे पॅन कार्ड द्यावे लागते. संत्र्याचे पैसे रोख आले असले तरी दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने देण्याचा मार्ग कायद्याने बंद आहे. दहा लाखांवरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा प्राप्तिकर, हाही घेतला जातो. स्वित्झर्लंडसह युरोपातल्या चार देशांशी झालेला ईएफटीए व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क त्यानुसार टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहे. ज्यांना घाई नाही त्यांनी ते लक्षात ठेवावे. मी थांबलो नाही. मुंबईच्या दुकानातल्या तरुणाने मला, माझ्या चपलांकडे एकदा पाहून, आधी साधी घड्याळे दाखवायला सुरुवात केली होती, पण नंतर त्यानेच चहा मागवला आणि बेझेलचे खटके मोजून दाखवले.

आता सात महिन्यांचा अनुभव. केसवर एकही ओरखडा नाही, आणि हे मी भिंगातून पाहून लिहीत आहे. पावसाळ्यापूर्वी झाडांच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावताना घड्याळ हातावरच राहिले. मोरचूद आणि चुन्याचा तो निळसर लगदा केसवर वाळून बसला, संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसला आणि काही उरले नाही. बेझेलच्या फटीत मात्र तो शिरला आणि दोन दिवस खटके जड झाले. रात्रभर कोमट पाण्यात ठेवून, मऊ ब्रशने घासून ते पूर्ववत झाले. सोबत मिळालेल्या दोन पट्ट्यांपैकी चामड्याचा भाग असलेला पट्टा मी पहिल्याच आठवड्यात काढून ठेवला, कारण आमच्या उन्हाळ्यात चामड्याला घामाचा वास धरतो.

बेझेलचा उपयोग मला वाटला होता त्याहून कितीतरी अधिक झाला. पाणबुड्यासाठी ते एकाच दिशेने फिरते, म्हणजे धक्का लागून सरकले तरी प्रत्यक्षाहून जास्त वेळ गेल्याचे दाखवते आणि माणूस लवकर वर येतो. माझ्या बागेत ठिबकचे चार भाग आहेत आणि प्रत्येकाला ४५ मिनिटे पाणी द्यावे लागते. व्हॉल्व्ह उघडला की बेझेलवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, एवढेच. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. अशा वेळी पहाटे दोनला, बॅटरी न पेटवता, ओल्या हाताने मनगट वळवले की हिरवट काटे स्पष्ट दिसतात, आणि मोबाईल चिखलात पडण्याची भीती राहत नाही. उजाडेपर्यंत चमक मंदावते, पण वेळ वाचता येते. घड्याळ दिवसाला साधारण दोन सेकंद पुढे जाते. मी महिन्याच्या एक तारखेला रेडिओच्या बातम्यांच्या ठोक्यावर ते लावतो.

पाण्यातला अनुभव एकदाच, पण नीट घेतला. विहिरीतल्या फुटवॉल्वमध्ये, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेत, पाला अडकला होता. आधी खांबावरून वीज तोडली आणि मगच उतरलो. मोटर चालू ठेवून विहिरीत उतरणाऱ्यांच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. चार मीटर खाली बुडी मारली तेव्हा भोवती हिरवा काळोख होता आणि हातभर अंतरावरची विटांची कड दिसत नव्हती. काटे मात्र दिसत होते. बुडीला पन्नास सेकंद लागले, हे मी नंतर सांगू शकलो. पाणी आत गेले नाही. वर आल्यावर काचेच्या आतून वाफही धरली नाही, आणि उन्हातून गार पाण्यात गेलेल्या घड्याळाची खरी परीक्षा तीच असते.

तक्रारी दोन आहेत. १४ मिलिमीटर जाडी फुल शर्टाच्या बाहीत अडकते, आणि खालून जाणाऱ्या कापडी पट्ट्याने घड्याळ आणखी उंच बसते. दुसरी तक्रार सेवेची. चार-पाच वर्षांनी तेलपाणी आणि दाबाची तपासणी करायची तर घड्याळ मुंबईला पाठवावे लागेल, आणि ते परत येईपर्यंत माझ्या हातावर पुन्हा जुने घासलेले स्टीलच असेल.

पट्टा मात्र जाडी वाढवत असला तरी मी तोच ठेवणार आहे. माझे जुने घड्याळ एकदा गोदामात ट्रॅक्टरच्या हुकावर पडले होते ते पट्ट्याची पिन गंजून तुटल्यामुळे. स्टील होते म्हणून खड्ड्यावर भागले. हा अखंड कापडी पट्टा दोन्ही पिनांखालून जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीला लोंबकळत राहते. तरीही गेल्या बाजाराला मी घड्याळजींकडे जाऊन दोन्ही पिना बदलून घेतल्या. त्यांनी काळी केस नखाने वाजवून पाहिली, कानाला लावली, आणि "आवाज तं कपासारखाच येते" असे म्हणत पिना बसवून दिल्या. दोन्हींचे मिळून त्यांनी चाळीस रुपये घेतले.